शिवणींच्या मधले कापड

नागपूरहून दक्षिणेकडे हैदराबादला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाला वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात जाम या गावी चंद्रपूरकडचा रस्ता फुटतो, आणि त्या चौफुलीच्या चहूबाजूंना पसरलेला मुलूख हा काळ्या जमिनीचा आणि कापसाचा मुलूख आहे. जामपासून थोड्याच अंतरावरच्या हिंगणघाटचे नाव एकोणिसाव्या शतकात कापसाच्या एका नावाजलेल्या प्रतीला मिळालेले होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, पुढे हिंगणघाट आणि पुलगाव येथेही गिरण्यांची धुराडी उभी राहिली, आणि १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आल्यानंतर याच जिल्ह्यात हातसुताच्या खादीचे प्रयोग चालले, ज्यांची साक्ष १९३८ साली वर्ध्यात उघडलेले मगन संग्रहालय आजही देते. बोंडापासून ठाणापर्यंत कापड कसे घडते याविषयी या भागात जाणकारांची उणीव नाही. परंतु तेच कापड वापरात आल्यानंतर कसे झिजते, कुठे विरते, कोणत्या जागी वर्षानुवर्षे तग धरते, याविषयी लिहिले गेलेले फार थोडे आहे. आणि जुना कपडा विकत घेऊन त्यापासून दुसरे काही शिवू पाहणाऱ्याला नेमके हेच ज्ञान लागते.

जुना कपडा रूपांतरासाठी निवडताना बहुतेक जण त्याचा रंग, नक्षी आणि बेत पाहतात, आणि तिथेच निवड चुकते. ज्या कपड्याचे रूप बदलायचे आहे त्याची कॉलर, बाही, घेर हे सारे उसवले जाणारच असते. शेवटी हातात उरते ते दोन शिवणींच्या मधले सलग कापड, आणि त्याची लांबी-रुंदी, त्याचा तंतू व त्याची शिल्लक ताकद या तीन गोष्टींवरच त्या सौद्याची खरी किंमत ठरते. म्हणून या क्षेत्रातला सर्वांत तयार पारखी शोधायचा तर तो शिवणकामाच्या वर्गात नव्हे, तर जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणीत शोधावा लागतो.

मुंबई-पुण्याच्या चाळी-वाड्यांपासून विदर्भातल्या शहरांपर्यंत डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत गाठोडे घेऊन फिरणारी ही बाई पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांच्या परिचयाची आहे. या व्यवसायात गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजाचा, ज्याला वाघरी असेही म्हटले जाते, मोठा वाटा आहे. दिल्लीत याच व्यवहाराचा अभ्यास करून लूसी नॉरिस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २०१० साली भारतातील जुन्या कपड्यांच्या पुनर्वापरावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. स्टीलच्या पातेल्यासाठी ‘अजून एक साडी टाका’ अशी घासाघीस करताना बोहारीण कपड्याकडे ज्या क्रमाने पाहते तो क्रम अभ्यासण्यासारखा आहे. पँट हाती आली की ती आधी उलटी करते, बैठकीच्या जागी आतून पंजा घालून कापड ताणते आणि उजेडासमोर धरते. मग चेन वर-खाली करून पाहते. शर्टाची कॉलर ती उलटवून घडीच्या रेघेवरून बोट फिरवते. साडी असेल तर ती पूर्ण उलगडायला लावून काठाकाठाने नजर टाकते, आणि घरातली बाई ज्या साडीच्या भरजरी नक्षीचे कौतुक सांगत असते ती कृत्रिम धाग्याची निघाली तर निर्विकारपणे बाजूला सारते. तिने गोळा केलेला माल पुढे ठोक बाजारात जातो, तिथे तो निवडला, धुतला, दुरुस्त केला आणि इस्त्री केला जातो, आणि त्यातला अंगावर घालण्याजोगा भाग गावोगावच्या आठवडी बाजारांत ढिगाने विकायला येतो.

या ढिगांत अलीकडे परदेशी कपडेही दिसतात. घालण्याजोगे जुने कपडे भारतात आयात करण्यावर निर्बंध आहेत, तर फाडून-कापून निरुपयोगी केलेल्या चिंध्यांना मोकळीक आहे. त्या चिंध्या प्रामुख्याने हरियाणातील पानिपतला जातात आणि तिथे पिंजून त्यांच्यापासून पुन्हा सूत काढले जाते. जुन्या लोकरी कपड्यांपासून असे सूत काढण्याची युक्ती इंग्लंडात यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास प्रथम साधली असे मानतात. पण पिंजणे म्हणजे कापड मोडून पुन्हा तंतूपर्यंत जाणे, आणि त्यात तंतू आखूड होऊन सुताचा कस उतरतो. कापड कापडच ठेवून त्याचा आकार तेवढा बदलणे हा त्याहून किती तरी किफायतशीर मार्ग आहे, असे म्हणायला हरकत नाही.

विदर्भाच्या कापूसपट्ट्यात या मार्गाचे एक उदाहरण इतके सर्रास दिसते की त्याला कोणी रूपांतर म्हणत नाही. वेचणीच्या हंगामात शेतात राबणाऱ्या बाया साडीवर किंवा सलवार-कुडत्यावर पुरुषांचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात. पिकून उललेल्या बोंडाची वाळलेली टरफले हातांना ओरबाडतात, ऊन दंडावर येते, आणि या दोन्हींपासून शर्टाची बाही बचाव करते. कमरेला जुन्या धोतराचे वा लुगड्याचे फडके ओटीसारखे बांधलेले असते आणि वेचलेला कापूस त्यात पडतो. या साध्या वाटणाऱ्या फडक्याच्या निवडीत मोठे अर्थकारण दडलेले आहे. भारतीय कापसाविषयी सूतगिरण्यांची जुनी तक्रार ही की त्यात केस, रंगीत चिंध्यांचे धागे आणि प्लास्टिकच्या गोण्यांचे तंतू मिसळलेले असतात. असा एखादा रंगीत वा कृत्रिम तंतू सुतात कातला गेला की तो कापड रंगवताना डागासारखा उठून दिसतो, कारण सुती कापडाचा रंग तो घेत नाही. म्हणूनच वेचणी करताना डोके झाकावे आणि सुती कापडाचीच ओटी किंवा पिशवी वापरावी असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात. झिजून धागे सोडणाऱ्या नायलॉनच्या साडीची ओटी ही भाव पाडणारी निवड, तर पांढऱ्या जुन्या धोतराची ओटी ही योग्य निवड ठरते; दोन्ही फडकी घरात फुकटच मिळालेली असतात, फरक असतो तो पारखण्यातला.

याच कपड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळायला हवी. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून फवारणीच्या वेळच्या कपड्यांचा प्रश्न सर्वांच्या नजरेत आला. फवारणीत वापरलेला कपडा वेगळा धुवावा लागतो, आणि त्यावर न मिसळलेले, दाट औषध सांडलेले असेल तर कितीही धुतले तरी ते पुरते निघून जाईल याची खात्री देता येत नाही; असा कपडा टाकून देणेच इष्ट असते. त्यामुळे ज्या जुन्या कपड्याला औषधाचा उग्र वास येतो किंवा ज्यावर पिवळसर-तपकिरी तेलकट शिंतोडे दिसतात, तो कितीही स्वस्त असला तरी त्याचे लहान मुलाचे झबले तर नाहीच, पण पायपुसणेही करू नये. साध्या अस्वच्छतेची भीती मात्र अनाठायी मोठी केली जाते. खरजेचा कीटक आणि डोक्यातली ऊ माणसाच्या अंगावेगळी झाल्यावर साधारणतः दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. म्हणून विकत आणलेले कपडे आठवडाभर बंद पिशवीत ठेवून, मग गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले की हा धोका उरत नाही, आणि वैदर्भीय उन्हाळ्यात कडक उन्हाला तोटा नसतो.

कपडा हातात घेतल्यावर पहिला प्रश्न तंतूचा असतो. कापूस, रेशीम, लोकर हे नैसर्गिक तंतू. पॉलिएस्टर आणि नायलॉन हे रसायनांपासून बनवलेले. आणि लाकडाच्या लगद्यापासून काढलेला व्हिस्कोस रेयॉन हा या दोहोंच्या मधला. बाजारात उभ्या उभ्या ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे कापडाच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब सोडणे. सुती कापड तो लगेच पिते, पॉलिएस्टरवर तो क्षणभर मण्यासारखा उभा राहतो. नव्या कापडावर खळ आणि रासायनिक लेप असल्याने ही परीक्षा फसू शकते, परंतु जुन्या कपड्यातून ते सारे धुण्यात निघून गेलेले असते, त्यामुळे जुन्यावर ती अधिक भरवशाची ठरते. घरी आल्यावर आतल्या शिवणीतला एखादा धागा काढून चिमट्यात धरून जाळता येतो. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशीम व लोकर केसांसारखी जळते आणि तिची काळी गोळी बोटांनी चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून आक्रसते आणि त्याची कडक गोळी चुरडता येत नाही. रेयॉनही कागदासारखाच जळतो, म्हणून सुतापासून त्याला वेगळे काढायला दुसरी खूण लागते: ओला केल्यावर कापूस अधिक चिवट होतो, तर रेयॉन आपली बरीच ताकद गमावतो. दगडावर धोपटून धुण्याच्या आपल्या पद्धतीत सुती लुगडे वर्षानुवर्षे टिकते आणि रेयॉनचा सुळसुळीत कुडता लवकर जीव सोडतो त्याचे कारण हेच.

ज्याला आपल्याकडे टेरिकॉट म्हणतात तो पॉलिएस्टर आणि कापूस यांच्या मिश्र सुताचा कपडा जुन्या बाजारात सर्वांत जास्त असतो, आणि तोच सर्वांत जास्त फसवतो. त्यातला कापूस आधी झिजतो आणि चिवट पॉलिएस्टर मागे राहते, त्यामुळे शर्ट दिसायला अखंड असूनही आतून पातळ झालेला असतो; पृष्ठभागावर उठणारी बारीक बोंडे हेही त्याच झिजेचे चिन्ह आहे, कारण तुटलेल्या तंतूंच्या गुंत्याला ते चिवट तंतू सुटू देत नाहीत. अशा कापडाच्या पिशव्या आणि अभ्रे चांगले होतात, पण मुलांच्या घाम शोषणाऱ्या कपड्यांसाठी त्याचा उपयोग नाही. ताणले जाणारे कपडे, म्हणजे ज्यांच्या सुतात रबरासारखा इलॅस्टेनचा धागा असतो ते, आणखी अवघड. उष्णतेने आणि क्लोरीनने हा धागा एकदा मेला की परत जिवंत होत नाही, आणि कापड गुडघ्या-कोपराशी फुगून राहते. दोन्ही हातांनी ताणून सोडल्यावर ते पूर्ववत होत नसेल तर पुढे विचार करण्याचे कारण नाही.

तंतू कळल्यावर झीज शोधायची. कापडात लांबीच्या दिशेने जाणाऱ्या धाग्यांना ताणा आणि त्यांना आडवे छेदणाऱ्या धाग्यांना बाणा म्हणतात. सामान्यतः ताण्याचे सूत अधिक पिळाचे व मजबूत असते, त्यामुळे जुने कापड बहुधा बाण्याच्या बाजूने आधी दगा देते. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने हलकेच ताणले असता बारीकसा तटतट आवाज आला, तर तिथले सूत संपलेले आहे असे समजावे. उजेडासमोर धरल्यावर दिसणारी विरलेली जागा ही अर्थातच उघड खूण आहे, पण वास ही त्याहून खोल खूण असते. दमट कोंदट वास सांगतो की खळ दिलेल्या सुती कपड्यावर बुरशी चढली होती, आणि बुरशी तंतूच खाते, म्हणून डाग निघाला तरी ताकद परत येत नाही. लोकर आणि रेशीम यांना कसर लागते, सुताला लागत नाही. उलट खळीच्या लोभाने येणारे चंदेरी रंगाचे चपळ किडे सुती कपड्यांची नासाडी करतात. उन्हाचाही कपड्यावर परिणाम होतो, आणि त्यातही रेशमावर अधिक. दुकानाच्या काचेत टांगून ठेवलेला किंवा खिडकीला पडदा म्हणून वापरलेला रेशमी तुकडा केवळ रंग उडालेला नसतो, तर ठिसूळही झालेला असतो.

प्रत्येक कपडा आपापल्या ठरलेल्या जागी झिजतो, हे ध्यानात घेतले की निवड सोपी होते. शर्टाची कॉलर आणि मनगटपट्टी आधी फाटते, बगल घामाने कडक व पिवळी पडते, पण पाठीचा पट्टा जवळजवळ नव्यासारखा राहतो. मोठ्या मापाच्या शर्टाच्या पाठीत साधारण पाऊण मीटर लांब आणि अर्ध्या मीटरहून जास्त रुंद असा सलग तुकडा मिळतो, ज्यात तान्ह्या मुलाचे झबले सहज बसते. पूर्वी शिंपी फाटलेली कॉलर उसवून, तिची आतली बाजू बाहेर करून पुन्हा बसवून देत, आणि अशी कॉलर उलटवलेला शर्ट घालून कचेरीत जाण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पँट बैठकीत आणि गुडघ्यावर विरते, पण पोटरीचा भाग आणि खिशांच्या आसपासचे कापड शाबूत असते. जीन्सची गोष्ट वेगळी: तिच्या तिरक्या रेघांच्या विणीत ताण्याचा धागा निळा आणि बाण्याचा पांढरा असतो, आणि निळीचा रंगही धाग्याच्या गाभ्यापर्यंत न मुरता वरवरच बसलेला असतो, म्हणून ती घासली जाईल तिथे पांढरट होते. मांड्यांच्या आतल्या बाजूची झीज मात्र नुसत्या रंगाची नसते. तिथे जीन्स फाटण्याच्या बेतात असते, आणि तोच भाग टाळून पिशवी कापावी लागते.

शिवणीच्या आत शिंपी जे जादा कापड ठेवतो त्याला माया म्हणतात, आणि जुना कपडा घेताना आत डोकावून ही माया मोजणे हे फार थोडे लोक करतात. मापाने शिवलेल्या जुन्या ब्लाउजला किंवा पँटीच्या मागच्या शिवणीला पुढेमागे सैल करता यावे म्हणून भरपूर माया सोडलेली असते. कारखान्यात तयार झालेल्या कपड्याला ती बोटभरही नसते, आणि तिच्या कडांवर इंटरलॉकची टीप मारलेली असते. असे असले तरी माया सोडवून कपडा मोठा करणे नेहमी यशस्वी होत नाही, कारण जुन्या टिपेची भोके आणि तिच्या आतला न उडालेला गडद रंग यांची एक रेघ कापडावर कायमची राहते. म्हणून अनुभवी शिवणकाम करणाऱ्या बायका आपल्या मापाहून मोठाच कपडा घेतात. मोठ्याचे लहान करता येते, लहानाचे मोठे करताना काहीतरी जोडावे लागते. त्यातही खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते तो गोलाकार भाग, यांना हात लावावा लागणार असेल तर खर्च दुप्पट धरावा. शिंप्याला उसवण्याचा वेळ शिवण्याहून जास्त लागतो आणि गिऱ्हाईक मात्र जुन्या कपड्याचे काम म्हणून कमी पैसे देऊ करते. शिंपी अशी कामे टाळतात त्यात त्यांचा दोष नाही.

या साऱ्या हिशेबात साडीची बरोबरी करणारा दुसरा कपडा नाही, कारण तिच्यात शिवणच नसते. पाचवारी साडी ब्लाउजपीस सोडून साडेपाच मीटरच्या आसपास भरते, नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या घरात जाते, आणि रुंदी सव्वा मीटरच्या आतबाहेर असते. झिजण्याच्या जागाही ठरलेल्या असतात: निऱ्यांच्या खालची, टाचेने आणि जमिनीने घासली जाणारी पट्टी, खांद्यावर पिन टोचून टोचून भोके पडलेली पदराची जागा, आणि नऊवारीत कासोट्याचा भाग. खालची वीतभर पट्टी सोडून दिली तरी पाच मीटर लांब आणि हातभर-दोन हात रुंद असा अखंड पट्टा उरतो, ज्यातून एक मोठा कुडता किंवा लहान मुलींचे दोन-तीन परकर निघतात. काठाची साडी असेल तर काठ मुळातच अधिक घट्ट विणीचा असल्याने साडी विरली तरी तो टिकतो. परकराचा घेर, पोलक्याच्या बाह्या, तोरण, पिशवीचे बंद अशा जागी तो वेगळा काढून लावता येतो, फक्त काठ आणि नवे कापड धुण्यात वेगवेगळ्या प्रमाणात आटू नये म्हणून नवे कापड आधी भिजवून घ्यावे लागते. जुन्या कापडाचा एक न बोलला जाणारा फायदा असा की त्याचे आटणे आणि रंग सोडणे केव्हाच होऊन गेलेले असते. रंगाची शंका असेलच तर ओल्या पांढऱ्या फडक्याने आतली बाजू चोळून पाहावी.

रेशमी जरीच्या साडीबाबत मोह आवरावा लागतो. जुनी पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेली असेल तर घडीच्या रेघेवर तिचे रेशीम चिरते, आणि तो चिरा आजूबाजूला पसरत जातो. अशा साडीचा ड्रेस शिवला तर तो दोनदा घातल्यावर घड्यांवरून फाटतो. तिची घडी उलगडून प्रत्येक दुमड बोटाने तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जरीचे तीन प्रकार असतात. खऱ्या जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची बारीक तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो; दुसऱ्या प्रकारात तार तांब्याची असते; तिसऱ्यात प्लास्टिकची चमकती पट्टी. काठ खरवडल्यावर आत लालसर छटा दिसली तर तांबे, पांढरी दिसली तर चांदी, आणि जाळल्यावर वितळून गोळी झाली तर प्लास्टिक. खऱ्या जरीच्या जीर्ण साड्या चांदीसाठी विकत घेणारे व्यापारी असल्यामुळे अशी साडी कापून उशीचा अभ्रा करण्यापूर्वी तिची किंमत करून घेणे शहाणपणाचे. हिंगणघाट-वर्ध्याकडे मिळणाऱ्या जुन्या खादीविषयीही दोन शब्द सांगायला हवेत: हातसुताची जाडी एकसारखी नसते, त्यामुळे जिथे सूत बारीक तिथे खादी आधी विरते आणि विरलेल्या जागा विखुरलेल्या असतात, म्हणून मोठा सलग तुकडा काढण्याऐवजी तिला दुहेरी करून, दोन थरांचे शिवकाम करणे योग्य. हात लागताच जाणवणारा तिचा मऊपणा मात्र गिरणीच्या नव्या कापडाला कधीच येत नाही.

डागांपैकी हळदीच्या डागाला घाबरण्याचे कारण नाही. साबण लागल्यावर तो लाल होतो, पण कडक उन्हात विटून जातो. हुक आणि बटणांचा गंज लिंबाच्या आम्लाने निघतो. बगलेतला कडक पिवळा डाग मात्र बहुधा निघत नाही, आणि तिथले सूतही दुबळे झालेले असते.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई पडली तेव्हा ही सारी विद्या एकाएकी सरकारी धोरण झाली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि १९४३ मध्ये तिथल्या व्यापार खात्याने काढलेल्या पुस्तिकेत पुरुषांच्या जुन्या कपड्यांतून बायकांचे कपडे कसे काढावेत इथपर्यंत सूचना दिलेल्या होत्या. त्याच वर्षी भारतात सुती कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रण आणणारा आदेश निघाला, आणि महाराष्ट्रातल्या घरांत ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्दप्रयोग रुळला. फरक इतकाच की मराठी घरांना पुस्तिकेची गरज नव्हती. बाळाला पहिली दुपटी आणि लंगोट जुन्या मऊ धोतराचेच करायचे, हा रिवाज इथे टंचाईतून आलेला नव्हता. नव्या कापडातली खळ आणि कडकपणा कोवळ्या कातडीला सोसत नाही, हे जाणून तो पाळला जात असे. आज शहरांत जुन्या कपड्यांची आकर्षक दुकाने निघाली आहेत आणि समाजमाध्यमांवरही त्यांची विक्री चालते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु तिथे कपड्याचे छायाचित्र पाहून खरेदी होते, आणि छायाचित्रात विरलेली बैठक दिसत नाही, वास येत नाही, अंगठ्यांनी कापड ताणता येत नाही. तिथून घेताना निदान तंतूची माहिती देणारी पट्टी, आतल्या शिवणी आणि उजेडासमोर धरलेली बैठक यांची छायाचित्रे मागून घ्यावीत.

ज्यातून सलग तुकडा निघत नाही ते कापड गोधडीत जाते. वाकळ, गोधडी अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या पांघरुणात दोन-तीन जुन्या साड्या किंवा लुगडी थरावर थर पसरून धावदोऱ्याने, म्हणजे सुई वर-खाली करत जाणाऱ्या साध्या टाक्याने, बाहेरून आत चौकोनी फेऱ्यांत शिवतात. तिच्यासाठी कापड निवडण्याचा नियम उलटा असतो: वरच्या आणि खालच्या थराला मजबूत, घट्ट विणीचे कापड, आणि आतल्या थराला विरलेले, मऊ, ठिगळे लावलेले कसलेही सुती कापड चालते, कारण आत त्याला घासायला काही नसते आणि दाट टाके त्याला जागच्या जागी धरून ठेवतात. आत पॉलिएस्टरचा थर आला तर गोधडी लवकर वाळते खरी, पण सुती थरांवर सरकते आणि टाक्यांमधून चुणते. म्हणून जाणत्या बाया मिश्र कापड गोधडीत घालण्याचे टाळतात.

त्यानंतरही जे उरते त्याला जामसारख्या महामार्गावरच्या गावी गिऱ्हाईक असतेच, कारण ट्रकचे इंजिन उघडणाऱ्या गॅरेजवाल्याला तेल पुसायला रोज चिंध्या लागतात. तिथेही तोच निकष लागू पडतो: सुती चिंधी तेल पिते, टेरिकॉटची ते नुसते पसरवते, म्हणून सुती चिंधीची मागणी अधिक. चिंध्या देण्यापूर्वी बटणे, हुक आणि चेनी कापून काढाव्यात. नाहीतर त्या टणक तुकड्यांनी पुसल्या जाणाऱ्या यंत्राच्या भागावर ओरखडे उठतात, आणि काढलेली बटणे घरच्या डब्यात पुढच्या शर्टासाठी कामाला येतात.